पोळ्याला गाव दणाणून सोडणारी पोरं वर्गात गप्प का?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही साताऱ्याकडून शिक्षणसेवक म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आलात. नववीला इतिहास-राज्यशास्त्र आणि आठवीचेही काही तास तुमच्याकडे आहेत, नववीचा पट ५२. प्रश्न विचारला की तेच चार मुलगे हात वर करतात, बाकीचा वर्ग पुस्तकात मान घालतो आणि मुली तर तोंडच उघडत नाहीत. सहा-सहांचे गट केले तर नुसत्या गप्पा झाल्या. मग चिठ्ठ्या टाकून नाव काढलं, तर जिचं नाव निघालं ती मुलगी उभी राहून रडायला लागली. शेवटी तुम्ही विचारलंय, "इकडची मुलं मुळातच बुजरी असतात का? त्यांचा आत्मविश्वास कसा वाढवू?"

मी याच जिल्ह्यात सत्तावीस वर्षं हेच विषय शिकवतेय. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. यंदा पोळ्याला गावाकडे पळू नका, इथेच थांबा. संध्याकाळी बैल तोरणाखाली आले की झडत्या, म्हणजे यमक जुळवलेली चढाओढीची कवनं, सुरू होतात. तुमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा, हजेरीला "येस सर" म्हणतानाही चाचरणारा पोरगा तिथे गावासमोर खड्या आवाजात झडती म्हणताना दिसेल. झडतीत सरपंचाची टर उडवली जाते, सरकारचीही. पुढे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत याच मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत फिरतात, आणि गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायला जो गलका करतात तो ऐका. बुजरी पोरं अशी नसतात.

तेव्हा आत्मविश्वास बाजूला ठेवा. मुलं हिशेबी असतात. वर्गात बोललं तर मिळतं काय? तुमचं एक "शाब्बास". आणि चुकलं तर? चार दिवस चिडवाचिडवी, कधी कधी कायमचं टोपणनाव. एका चुकीच्या उत्तरावरून पडलेलं नाव लग्नाच्या पंगतीपर्यंत चिकटून राहिलेलं मी पाहिलंय. बोलणं इतकं महाग पडत असेल तर गप्प बसणारा मुलगा शहाणाच म्हणायचा. ते बोलणं स्वस्त करणं एवढंच आपल्या हातात आहे.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगते, म्हणजे माझं सगळं तसंच्या तसं उचलणार नाही. तुमची शाळा आठवीपासून असेल तर पाच-सात गावांच्या जिल्हा परिषद शाळांतली पोरं तुमच्याकडे एकत्र आली असणार. पहिलं वर्ष ती एकमेकांना जोखण्यात घालवतात, तेव्हा नववीतल्या शांततेत आठवीचीही शिल्लक असते. मुख्याध्यापकांना वर्गातला आवाज चालतो का, हेही पाहावं लागेल. आणि तास कोणता? खिचडी आठवीपर्यंतच मिळते. नववीतली, सकाळी पहिल्या एसटीने आलेली काही पोरं डबा आणत नाहीत. त्यांच्यासमोर पाचव्या-सहाव्या तासाला चर्चा ठेवलीत तर जी शांतता मिळेल ती भुकेची असते. मी माझे चर्चेचे तास भांडून दुसऱ्या-तिसऱ्या तासाला घेतले. तसंच दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू असते. निम्मी पोरं गैरहजर, उरलेली पहाटेपासून वावरात राबून आलेली. त्या आठवड्यांवरून वर्गाबद्दल मत बनवू नका. आपल्याकडे उन्हामुळे शाळाच जूनच्या अखेरीस उघडते. तिथपासून पोळ्यापर्यंतचे दिवस सवय लावायला सगळ्यात चांगले.

आता भाषा. यावर जरा जास्त लिहिते, कारण यात मी स्वतः चुकलेय.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी आठवीला मिठाचा सत्याग्रह शिकवत होते. एक मुलगा आपणहून उठला. वर्षातलं त्याचं पहिलंच उत्तर. "मॅडम, इंग्रजायनं मिठावर कर लावला, म्हून गांधीजी चालत गेले." उत्तर अगदी बरोबर. आणि मी काय म्हणाले? "इंग्रजायनं नाही रे, इंग्रजांनी." वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. त्यानंतर दहावीची शाळा सुटेपर्यंत तो पोरगा माझ्या तासाला आपणहून बोलला नाही. पेपर मात्र चांगले लिहायचा. आज त्याचं तालुक्याला कृषी केंद्र आहे. फवारणीचं औषध किती पाण्यात किती घालायचं हे तो गिऱ्हाइकांना उभ्याउभ्या अर्धा तास समजावतो, वऱ्हाडीतच. मी दुकानात गेले की चहा मागवतो आणि गप्प होतो.

तेव्हापासून एक नियम पाळते. तोंडाने सांगताना ज्याला जी येईल ती बोली, मध्ये टोकायचं नाही. मी ते उत्तर फळ्यावर लिहिताना पुस्तकी मराठीत लिहिते आणि मग सगळ्या वर्गाला विचारते, "पेपरात हे कसं लिहायचं?" सुधारणा फळ्यावर होते, पोराच्या तोंडावर होत नाही. परीक्षेत प्रमाण मराठी लागते, ती शिकवायची नाही असं मी म्हणत नाही. फक्त पहिल्या वाक्यालाच तिचा टोलनाका नको. तुमच्या वर्गात बंजारा तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलणारी मुलं असतील, कोलामांच्या पोडावरची किंवा गोंड वस्तीतली असतील. त्यांच्यासाठी वऱ्हाडीसुद्धा दुसरी भाषा आणि पुस्तकातली तिसरी. ती उत्तराला वेळ घेतात तेव्हा डोक्यात भाषांतर चाललेलं असतं.

आणि सर, तुमचं साताऱ्याचं बोलणंही त्यांना गमतीचं वाटतं बरं का. मधल्या सुट्टीत तुमची नक्कल होत असणार. त्याचा उपयोग करून घ्या, पुढे सांगते.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. "मिठाचा सत्याग्रह कधी झाला?" या प्रश्नावर चर्चा होऊच शकत नाही. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, पुस्तकात आहे आणि ते तुम्हाला ठाऊक असल्याचं पोरांनाही ठाऊक आहे. अशा प्रश्नाला बोलायचं म्हणजे फक्त परीक्षा द्यायची. भुलाबाईच्या खिरापतीचं बघा. डबा वाजवून दाखवतात, वास घेऊ देतात, आणि मुली सुटतात: शेंगदाणे, फुटाणे, लाडू, करंजी! दहा उत्तरं चुकतात आणि कुणाला लाज वाटत नाही, कारण डब्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं आणि प्रत्येक चुकलेल्या नावाने डबा थोडा उघडतोच. वर्गात खिरापतीसारखा प्रश्न हवा.

माझा आवडता सांगते. आठवीच्याच पुस्तकात पुसदच्या जंगल सत्याग्रहाचा उल्लेख येतो. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. मी एवढंच सांगते आणि विचारते, "सगळा देश मीठ उचलत होता, मग आपल्या लोकांनी गवत का कापलं?" पहिलं उत्तर ठरलेलं, "मॅडम, आपल्याइकडे समुद्र कुठी हाये?" सगळे हसतात. हे हसणं चालतं, ते कुणा एकावर नसतं. मग मी विचारते, "बरं, समुद्र नाही. पण गवतच का? गवत कापलं तर सरकारचं काय बिघडतं?" इथे पुढच्या बाकावरची हुशार पोरं अडतात, कारण पुस्तकात तेवढं नाही. आणि जंगलाकाठच्या गावचा, कधी न बोलणारा एखादा म्हणतो, "जंगलात ढोर शिरलं की गार्ड पावती फाडते." झालं. चराई, सरपण, मोहफुलं, तेंदूपत्ता, सगळं निघतं. त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त कळणारा माणूस तो असतो, आणि हे त्यालाही समजतं.

एका वर्षी याच चर्चेत एक मुलगी म्हणाली, "पण माह्या मामाच्या गावाले विहिरीचं पाणीच खारं हाये." मामा दर्यापूरकडचा, म्हणजे खारपाणपट्ट्यातला. अकोला जिल्ह्यात दहीहंड्याला १९३० सालीच खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून सत्याग्रह झाला होता. हे मला माहीत होतं आणि ते अगदी जिभेच्या टोकाशी आलं होतं. आवरलं. म्हटलं, "मग त्या पाण्याचं मीठ होईल का?" पंधरा दिवसांनी तिने मामाकडून बाटलीभर पाणी आणलं. प्रयोगशाळेत आटवलं, तळाला पांढरा थर बसला. दहीहंड्याची गोष्ट मी त्यानंतर सांगितली. आधी सांगितली असती तर ती माझी गोष्ट झाली असती. अशी संधी सत्तावीस वर्षांत फार वेळा आली नाही, हेही कबूल करते.

प्रश्न विचारून होतो न होतो तोच आपण दुसरा प्रश्न टाकतो किंवा स्वतःच उत्तर देतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. ती वेळ तीन सेकंदांच्या वर नेली की उत्तरं लांबतात, "माहीत नाही" म्हणणं कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, फळ्यापाशी उभं राहिलं की युग वाटतात. मी मनात धान्य मोजते, खळ्यावर मोजतात तसं: लाभ, दोन, तीन, चार, पाच. पाचव्या मापापर्यंत तोंड उघडायचं नाही. आणि त्या चार मुलग्यांचे हात वर आले तरी मोजणं थांबवायचं नाही.

त्या चौघांना दाबू नका. पहिल्या वर्षी तुमच्या प्रश्नाला उत्तर आलं ते त्यांच्यामुळेच. त्यांचं काम बदला. "तू उत्तर देऊ नकोस, यावर अजून अवघड प्रश्न काढ," असं एकाला सांगा. दुसऱ्याला फळ्यावर लिहायला उभं करा. बोलायची हौस भागते आणि जागा रिकामी होते.

गटांचं का फसलं? सहा जण फार झाले. आपल्या बाकांवर सहा जण एकमेकांकडे तोंड करून बसूच शकत नाहीत. एक लिहितो, एक त्याला सांगतो, उरलेले चौघे गप्पाच मारणार, त्यांनी दुसरं करायचं काय? बाकावरच्या शेजाऱ्यापासून सुरू करा. एक प्रश्न, एक मिनिट एकट्याने विचार, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलणं, आणि दोघांत मिळून वहीच्या मागच्या पानावर एकच ओळ. ही ओळ लिहून घ्याच, ती नसली की दोन मिनिटं क्रिकेटमध्ये जातात. महिनाभराने पुढच्या बाकाने मागे वळायचं, म्हणजे चौघे होतात. त्याच्या पुढे मी कधी गेले नाही.

यातली माझी सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे स्वतःचं मत सांगायचंच नाही, शेजाऱ्याचं सांगायचं. "ही म्हणते, की…" अशी सुरुवात करायची. चुकलं तर ते हिचं मत, आणि हीसुद्धा उभी नसते. वाटून घेतलं की ओझं अर्ध्याहून हलकं होतं. मुलींच्या बाजूला मी वर्षाची सुरुवात नेहमी अशीच करते.

मुलींबद्दल अजून एक, आणि हे जरा स्पष्ट लिहिते. तुमचं वय तुम्ही लिहिलं नाही, पण शिक्षणसेवक म्हणजे पंचविशी-तिशीचे असाल. गावात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी तरुण सरांशी हसून दोन वाक्यं जास्त बोलली तर त्याची चर्चा पाणवठ्यापर्यंत जाते. तिच्या गप्प राहण्यात तिचं घर आणि बसमधलं चिडवणं दोन्ही असतं. त्यात तुमचा काही दोष नाही, पण उपाय मात्र तुम्हालाच करावा लागेल. एकटीला उभं करू नका, दोघींना करा. कौतुक एकीचं करू नका, बाकाचं करा. शाळा सुटल्यावर थांबवून चर्चा वगैरे तर मुळीच नको, बाहेरगावच्या मुली मानव विकास कार्यक्रमाच्या, शाळकरी मुलींसाठीच्या बसने जातात आणि ती बस सुटली तर घरी उत्तरं द्यावी लागतात. आणि तुम्ही उभे कुठे राहता ते पाहा. मी एकदा एका मुलीला माझ्याच तासाला रेघा मारायला बसवलं होतं, मी कुणाला किती वेळा विचारलं त्याच्या. स्वतः बाई असून माझं तोंड सारखं मुलांच्या रांगांकडे होतं. मुलींच्या बाजूच्या रेघा बघून घरी जेवण गोड लागलं नाही. आता निम्मा तास मी मुलींच्या रांगांच्या मागे, खिडकीपाशी उभी असते.

चिठ्ठ्यांचं तत्त्व वाईट नाही, सगळ्यांना संधी मिळते. पण अचानक नाव निघणं म्हणजे बेसावध माणसाला चव्हाट्यावर उभं करणं. मी आधी कानावर घालते. पोरं लिहीत असताना बाकांमधून फिरते, एखादीच्या वहीत चांगली ओळ दिसली की हळूच म्हणते, "हे वाचून दाखवशील? नुसतं वाचायचं." मान हलली तरच नाव घेते. नकार आला तर "बरं, पुढच्या वेळी", आणि पुढच्या वेळी खरंच विचारते.

अगदीच थंड वर्ग असेल तर सुरुवात सामुदायिक उत्तराने करा. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या गर्दीला वऱ्हाडीत विचारलेले प्रश्न. गर्दी एका सुरात हो-नाही करायची आणि बोलता बोलता बाबा तिला तिच्याच उत्तरांत पकडायचे. हो म्हणणारे उजवा हात, नाही म्हणणारे डावा, एवढ्यावरही मी एक महिना काढलाय. हात वर गेला म्हणजे मत झालं. मग "डाव्या हातवाल्यांपैकी कुणी कारण सांगेल का?" हे विचारणं सोपं जातं.

एक विषय मात्र सांभाळा. बाहेरून आलेल्या शिक्षकाला वाटतं, शेतकऱ्यांची पोरं आहेत, तर कर्ज आणि आत्महत्या यावर ती भरभरून बोलतील. आपल्या वर्गात कुणाच्या घरी काय घडून गेलंय ते हजेरीपटावर लिहिलेलं नसतं. पोरांनीच विषय काढला तर शांतपणे ऐका. आपण होऊन तो वादाला ठेवू नका, बाजूने-विरुद्ध तर नकोच. जातीचंही तेच. पोरं एकमेकांशी निर्धास्त बोलू लागेपर्यंत पऱ्हाटी म्हणजे कपाशी, बाजार, एसटी, मोबाइल, आजीच्या वेळचं गाव यांवर भागवा. नववीच्या पुस्तकातल्या 'बदलते जीवन'ला हे सगळं चालतं. आजीला विचारून या म्हटलं की न बोलणाऱ्या पोराकडेही सांगायला काहीतरी असतं.

अभ्यासक्रम संपेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मुख्याध्यापक विचारतील. मी आठवड्यातून दोनच तासांना, तासाची शेवटची बारा-पंधरा मिनिटं यासाठी ठेवते. उरलेल्या तासांना मी चांगलं भरपूर बोलते, व्याख्यानाला नावं ठेवण्याची फॅशन मला पटत नाही. आणि दर वर्षी दोन-तीन मुलं अशी असतात की काही केलं तरी मार्चपर्यंत बोलत नाहीत. त्यांच्यासाठी टेबलावर एक खोकं असतं, त्यात चिठ्ठी टाकायची, नाव लिहिलं नाही तरी चालतं. त्यातल्या चिठ्ठ्या मी वाचून दाखवते. काही पोरांचा सहभाग तेवढाच असतो आणि मी तो धरते.

किती दिवस लागतील? माझ्या अनुभवात जुलैत सुरू केलं तर कुजबुज पोळ्यापर्यंत, आवाज दिवाळीनंतर. तुम्ही मध्येच सुरू करताय, तर या वर्षी कुजबुजीवर समाधान माना.

राहिली ती रडलेली मुलगी. तिची वर्गासमोर माफी मागू नका, पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच जातील. एक-दोन दिवस जाऊ द्या. मग वर्गाला काहीतरी लिहायला द्या, फिरत फिरत तिच्या बाकापाशी थांबा आणि तिला आणि शेजारणीला मिळून विचारा, "आमच्या साताऱ्याकडे पिकातलं तण काढायला भांगलण म्हणतात. इथे काय म्हणतात गं?" त्या "निंदण" म्हणतील. तुम्ही तो शब्द बहुतेक पहिल्यांदा चुकीचाच उच्चाराल. त्या हसल्या तर हसू द्या, आणि पुन्हा म्हणून दाखवायला सांगा.